ओढ्याचा काठ

नमस्कार श्रोतेहो.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यातल्या सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल इथल्या मंडळींना मी नव्याने काय सांगणार? एरवी नाक धरून ओलांडायचा तो आंबिल ओढा त्या रात्री सोसायट्यांच्या भिंती पाडत घरांत शिरला. १२ जुलै १९६१ ला पुण्यात पूर आला, तेव्हा पानशेतचं धरण फुटलं होतं. २०१९ ला काहीच फुटलं नव्हतं, नुसता पाऊस पडला होता.

आपण ओढ्याला ‘नाला’ म्हणू लागलो, तिथेच खरं तर बिनसलं. नाला म्हटलं की दोन्ही बाजूंनी भिंती घालायला मन धजावतं. भिंतींमध्ये कोंडलेलं पाणी वेग धरतं, भिंतीच्याच पायाखालची माती खरवडतं आणि पूर खालच्या वस्तीकडे ढकलतं. उतरता, मोकळा काठ असेल तर तेच पाणी पसरतं, दमतं, थोडं मुरतं. त्या काठावर करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज हवेत. वाळुंज पाण्यात उभा राहून माती धरून ठेवतो. गुलमोहराला ते जमत नाही. ओढ्यालगत बाग किंवा मैदान ठेवावं, दोन दिवस बुडालं तरी कुणाचा संसार वाहून जात नाही. आज सारसबाग आहे तिथे पेशव्यांच्या काळी याच ओढ्याचं पाणी अडवून केलेलं तळं होतं!

काम मात्र वरून सुरू करायचं. कात्रजचा डोंगर, तळजई, पर्वती इथलं गवत आणि झुडपं टिकली तर पाणी सावकाश उतरतं. पण उत्साहाच्या भरात दिसेल त्या उतारावर चर खोदू नका. तीव्र उतारावर जास्त मुरलेलं पाणी मातीच सैल करतं. आपल्याच जिल्ह्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ ला मुसळधार पावसात डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली. म्हणून आधी भूगर्भाच्या जाणकाराला विचारायचं, मग कुदळ. आणि झाडं लावली म्हणून धोक्याचा भोंगा नको, असंही नाही.

सोसायटीमागे ओढा असेल, तर माठात टाकतो तो वाळा लावून बघा. मुळं आठ-दहा फूट सरळ खाली जातात. पहिल्या पावसानंतर ठोंब वीतभर अंतरावर लावा. ओळ उताराला आडवी हवी, आणि पहिलं वर्षभर तिथे गुरं फिरकू देऊ नका.