आधी घाव पाहा, मग अक्षरं

नमस्कार मंडळी. या टेबलावर चांदीचे सहा चमचे मांडले आहेत. सहाही इंग्लंडमधले, राजा तिसऱ्या जॉर्जच्या काळातले म्हणून विकले गेलेले. प्रत्येकावर कारागिराची आद्याक्षरं आहेत, चालता सिंह आहे, बिबट्याचं मुंडकं आहे, वर्षाचं अक्षर आहे. शिक्क्यांचं पुस्तक उघडून ताडून पाहिलंत तर एकातही चूक सापडणार नाही. तरीही सहाही खोटे आहेत. पुस्तकानं फसवलं ते का, आणि मग विश्वास कशावर ठेवायचा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये १३०० साली बिबट्याचं मुंडकं आलं, १३६३ मध्ये कारागिराची खूण सक्तीची झाली, १४७८ मध्ये वर्षाचं अक्षर, म्हणजे तपासणीचं साल सांगणारं अक्षर, आणि १५४४ मध्ये सिंह. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असल्याची ग्वाही. माल लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये न्यायचा, तिथे कस लावायचा, मग छाप उठायची. हॉलमार्क हा शब्द तिथूनच आला.

कारागिराच्या खुणेबद्दल मात्र एक गैरसमज घट्ट बसला आहे. ती खूण म्हणजे चित्रकाराची सही नव्हे. माल तपासायला कोणी पाठवला, त्याची जबाबदारी कोणाची, एवढंच ती सांगते. हेस्टर बेटमन या चांदीकाम करणाऱ्या बाईंच्या ‘एचबी’ या वळणदार अक्षरांमागे अख्खी कार्यशाळा होती, मुलं होती, हाताखालची माणसं होती. पण संग्राहक नावाला पैसे मोजतो. बेटमन, पॉल स्टॉर, पॉल द लामेरी ही नावं असली की त्याच वजनाच्या चांदीची किंमत कितीतरी पट होते. खोटेपणा जन्मतो तो इथे.

आता मुख्य मुद्दा. शिक्का हा मुळात एक घाव आहे. कडक पोलादी ठसा धातूवर धरायचा आणि वर हातोडा मारायचा. त्या एका क्षणात चांदी दबते, घट्ट होते, बाजूला सरकते. म्हणून खऱ्या शिक्क्याचा तळ सपाट आणि गुळगुळीत असतो, भिंती उभ्या असतात, आणि कडेला धातूचा बारीक उंचवटा आलेला असतो. पत्रा पातळ असेल तर मागच्या बाजूला त्या घावाचा व्रण उठतो. कारागीर तो नंतर ठोकून बसवायचा, पण बोट फिरवलं की बहुधा लागतो.

खोटा शिक्का करायच्या दोन जुन्या वाटा आहेत. पहिली, अस्सल वस्तूचा साचा घेऊन नवी वस्तू ओतायची. ओतताना शिक्काही वस्तूबरोबर उतरतो, म्हणजे घाव बसलेलाच नसतो. थंड होताना धातू आकसतो, कडा गोलसर होतात, तळाला रवाळपणा येतो, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. दहापट भिंगाखाली तिरका प्रकाश टाका, हे सगळं दिसतं. दुसरी वाट खोटा ठसा कोरण्याची. १८९० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये लायन आणि ट्विनम यांचं प्रकरण गाजलं, ते असंच खोट्या ठशांचं होतं. खोटे ठसे पुष्कळदा पितळेसारख्या मऊ धातूचे करत. मऊ ठसा चांदीला नीट कापत नाही. छाप उठते, पण विझल्यासारखी दिसते, रेषांना धार नसते.

आता चमच्यांकडे या. खऱ्या जुन्या चमच्यावर प्रत्येक ठसा स्वतंत्रपणे, हातानं मारलेला असे. एका चमच्यावर सिंह जरा तिरका, दुसऱ्यावर वर्षाचं अक्षर किंचित वर. या सहा चमच्यांवर चारही खुणांमधलं अंतर केसाइतकंही बदलत नाही. इथे घाई करू नका. १८ व्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये चमच्यांसाठी सगळ्या खुणा एकत्र बसवलेले जोडठसे आले, त्यामुळे नुसतं सारखं अंतर हा पुरावा होत नाही. पण कारागिराची खूण तो स्वतःच्या हातानं वेगळी मारायचा. ती सहाही ठिकाणी त्याच कोनात कशी बसेल? आणि सिंहाच्या पाठीवरून जाणारा एक ओरखडा सहाही चमच्यांवर आहे. कधीतरी एका खऱ्या चमच्याला पडलेला तो ओरखडा साच्यातून सगळ्यांवर उतरला आहे.

यापेक्षा अवघड प्रकार म्हणजे बसवलेला शिक्का. खूण खरी, चांदी खरी, पण दोघांची भेट नंतरची. याचं कारण करात आहे. १७२० पासून १७५८ पर्यंत इंग्लंडमध्ये चांदीच्या मालावर औंसाला सहा पेन्स कर होता. काही कारागीर एक छोटीशी चकती किंवा लहान वस्तू हॉलमध्ये पाठवत, तिच्यावर कर भरत, आणि खुणांचा तुकडा मोठ्या कॉफीदाणीच्या तळाला झाळून टाकत. लामेरीसारख्या थोर माणसाच्या कामांतही असे तुकडे सापडले आहेत. पुढे खोट्या खुणांना फाशीची शिक्षा झाली, १७७३ मध्ये ती १४ वर्षांच्या हद्दपारीवर आली. मी स्वतः या करबुडव्या वस्तूंना नकली म्हणायला तयार नाही. काम त्याच हातांचं, त्याच काळाचं असतं. पण त्यांना अस्सल खुणांची वस्तू म्हणून विकणं चूकच.

मी एकदा अशी कॉफीदाणी घेतली. दुकानदारानं खुणा दाखवल्या, मी खुणाच पाहिल्या. घरी आल्यावर तळावर तोंडाची वाफ सोडली, आणि वाफ विरताना खुणांभोवती एक बारीक गोल रेघ उमटली. झाळ आणि पत्रा यांवरून वाफ वेगवेगळ्या वेगानं उडते. त्या दिवसापासून मी कुठलीही वस्तू आधी फुंकतो, मग वाचतो. हल्ली ही रेघ लपवायला वरून विजेनं चांदीचा मुलामा चढवतात. जुन्या चांदीत वारंवार तापवल्यानं येणारी राखाडी-जांभळी छाया असते. ती कुठेच दिसत नसेल आणि सगळा पृष्ठभाग पांढराफेक, एकसारखा असेल, तर तो मुलामा काय झाकतोय हे विचारा.

काही चुका मात्र पाठ केलेली सालं सांगून टाकतात. राजाच्या किंवा राणीच्या मस्तकाची करखूण, म्हणजे कर भरल्याची खूण, १७८४ ते १८९० एवढीच चालली. त्याआधीच्या वर्षाच्या अक्षराशेजारी ती दिसली की संपलं. लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावरचा मुकुट १८२१ मध्ये गेला. बर्मिंगहॅमची जहाजाच्या नांगराची खूण आणि शेफील्डची मुकुटाची खूण १७७३ च्या आधी नव्हत्याच.

मुलाम्याच्या भांड्यांची गोष्ट वेगळी. तांब्यावर चांदी चढवलेला शेफील्डचा पत्रा १७४० च्या दशकात आला, १८४० मध्ये एल्किंग्टननं विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं. मग कारखानदारांनी ‘ई’, ‘पी’, ‘एन’, ‘एस’ ही अक्षरं एकेका ढालीत, जुन्या वळणात कोरायला सुरुवात केली. लांबून ती चांदीच्या खुणांसारखीच दिसतात. अर्थ एवढाच की निकेल सिल्व्हरवर विजेचा मुलामा आहे, आणि निकेल सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. ते तांबं, निकेल आणि जस्त. यात कारखानदाराची लबाडी असतेच असं नाही, पण पुढे कोणी ती अक्षरं घासून काढतो. म्हणून तळाला उथळ खळगा दिसला की थांबा. कडेकोपऱ्यांत मुलामा झिजून पिवळट धातू डोकावतोय का तेही पाहा.

शेवटी हा चांदीचा मग. आता तो दूधदाणी म्हणून ओळखला जातो. शिक्के खरे आहेत, घावही खरे आहेत, वाफेनं रेघ उमटत नाही. पण तळाला जुन्या मालकानं टोकदार अवजारानं वजन खरडून ठेवलं आहे: ११ औंस, ४ पेनीवेट. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा आणि त्याचे २० पेनीवेट, म्हणजे सुमारे ३४८ ग्रॅम. आज सकाळी मी तो तोलला, ३९१ भरला. अडीचशे वर्षं हाताळलेली, घासलेली चांदी झिजून हलकी होते, भारी होत नाही. वाढलेले ४३ ग्रॅम या चोचीचे आहेत. चोचीच्या मुळाशी आतून बोट घाला, झाळ लागेल.