इंजिन खोलायचं की बदलायचं?

नमस्कार श्रोतेहो. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. पण आपल्या यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत ती अजून बाजाराला जाते, लग्नाला जाते, अडीनडीला पेशंट घेऊन तालुक्याला पळते. अशी गाडी धूर सोडायला लागली, की कुणीतरी लगेच म्हणतं, 'इंजिन गेलं, दुसरं टाका.' माझं कळकळीचं सांगणं आहे, एवढ्यावर पैसे मोजू नका.

आधी धूर बघा. निळसर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, त्यासाठी इंजिन खोलायचं कारण नाही. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर बहुधा हेड गॅस्केट गेलंय, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. आपल्याकडे हे फार. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, रेडिएटरच्या जाळीत धूळ-कचरा अडकलेला, आणि आत कूलंटच्या जागी बोअरवेलचं क्षाराचं पाणी. मग हेड तापून वाकतं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. मिस्त्रीजवळ स्वतः उभं राहून तपासून घ्या. ८०० ला सिलिंडर तीनच. प्लग काढून एकेकाला गेज लावायचा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. एखाद्यात दाब कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं. काटा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलीय. तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, म्हणजे काम हेडपुरतंच.

ब्लॉक शाबूत असेल तर दुरुस्तीच करा. ब्लॉकला तडा गेला असेल, क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, कामातून गेला असेल, तरच दुसरं इंजिन बघा. भंगारातलं घेतलं तर त्याचंही कॉम्प्रेशन बघा, पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रं घ्या. इंजिन नंबर आरसी बुकात असतो, म्हणून बदलाची आरटीओत रीतसर नोंद करा, विमा कंपनीलाही कळवा. १५ वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीत नंबर जुळला नाही, तर गाडी अडते.

आणि हो, यातलं काहीही करण्याआधी गाडीखाली वाकून पत्रा बघा. पेचकस टोचल्यावर आरपार जात असेल, तर त्या गाडीच्या इंजिनावर एक रुपयाही घालू नका.