पाणी कुठं जातं?

(नाशिकमध्ये गोदाघाटावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बारावीची मुलं बरीच दिसताहेत आणि त्यांच्या शेजारी त्यांच्याहून जास्त काळजीत असलेले आईवडील. तेव्हा कामाची माहिती आधी उरकते. आर्किटेक्चरची पदवी, बी.आर्क., पाच वर्षांची, म्हणजे दहा सेमिस्टर. बारावीला गणित हवं. प्रवेशाला 'नाटा' ही प्रवेशपरीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. पदवी मिळाली म्हणजे लगेच आर्किटेक्ट झालात असं नाही. १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाली की मगच ते नाव लावता येतं. आणि नोंदणी झाल्यावरसुद्धा तुमची मावशी विचारणारच, "म्हणजे वास्तुशास्त्र ना? आमचं देवघर बरोबर दिशेला आहे का बघ गं." त्याची मानसिक तयारी ठेवा.

आता मला जे सांगायचंय ते. मी तिसऱ्या वर्षाला होते. विद्यार्थी वसतिगृहाचं डिझाइन होतं. दोन रात्री जागून मॉडेल केलेलं, बोटांवर फेविकॉलचे पापुद्रे. छप्पर असं की दोन्ही बाजू वर उचललेल्या आणि मध्ये खोलगट, पक्ष्यानं पंख पसरावेत तसं. मला ते फार आवडलं होतं. ज्युरीला, म्हणजे काम तपासायला, बाहेरून आलेल्या एक बाई होत्या. त्या माझं भाषण पूर्ण होईपर्यंत गप्प बसल्या. मग त्यांनी छपराच्या त्या खोलगट रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे पाऊस पडला. पाणी कुठं जातं?"

मी म्हटलं, "पाइपनं."

"पाइप कुठाय?"

प्लॅनमध्ये पाइप नव्हता. सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणाऱ्या चित्रातही नव्हता. त्या पुढं म्हणाल्या, "हे वसतिगृह कुठलं? इगतपुरीचं ना?" हो, साइट इगतपुरीची होती. नाशिक शहरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या चौपट तिथं पडतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं. आणि मी तिथल्या छपराची परात करून ठेवली होती. मार्क किती पडले ते विचारू नका.

त्या दिवशी मला फार राग आला. कन्सेप्टबद्दल एक शब्द नाही आणि पाइपबद्दल बोलताहेत! राग ओसरायला एक वाडा लागला.

पुढच्या सुट्टीत आमच्या गटाला जुन्या नाशकातला एक वाडा मोजायचा होता. याला आम्ही मेझर्ड ड्रॉइंग म्हणतो. समोर जे उभं आहे ते इंच न् इंच मोजून कागदावर उतरवायचं. साधनं काय, तर तीस मीटरचा टेप, ओळंबा आणि पाणसळ. पाणसळ म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. एकानं एक टोक इकडं धरायचं, दुसऱ्यानं दुसरं तिकडं. दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला थांबतं, तिथं खूण करायची आणि खाली जमिनीपर्यंत मोजायचं. लेझरचं यंत्र आता सगळ्यांकडं असतं. मी मात्र मुलांना एकदा तरी नळी धरायला लावते. हात भरून येतो, पण पातळी म्हणजे काय ते हाताला कळतं.

तर आम्ही चौकाची फरशी मोजत होतो. डोळ्याला सपाट. नळी लावली तेव्हा एका कोपऱ्यात दोन इंचांचा फरक आला. आम्हाला वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा मोजलं, पुन्हा दोन इंच. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या आजी बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, ढाळ आहे तो. पाणी नको का जायला?" त्या कोपऱ्यात दगडाला भोक होतं, त्याखाली झाकलेलं गटार, ते देवडीच्या खालून थेट गल्लीत. चारही बाजूंच्या छपरांच्या पागोळ्या त्या चौकात पडायच्या आणि तिथून बाहेर. लाकडी खांबांच्या बुडाशी दगडाचे तळखडे होते. मी तोवर त्यांना शोभेचे समजत होते! जमिनीतली ओल लाकडात चढू नये म्हणून ते होते. त्या वाड्याचा सेक्शन काढला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला सेक्शन म्हणजे काय ते समजलं. प्लॅन खोल्या दाखवतो. पाणी, उजेड, वारा वरून खाली येतात, ते सेक्शनमध्येच दिसतात.

मग हे वेडच लागलं. पांडवलेणी आपण सगळे चढलोय, निदान शाळेच्या सहलीत. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्रिरश्मी डोंगरात हे लेणं करवलं असं तो सांगतो आणि त्याच ओळीत जोडतो, 'आणि या पोढी'. पोढी म्हणजे पाण्याची टाकी. दान देणारा माणूस टाक्यांचा उल्लेख विसरत नाही. सिन्नरला गोंदेश्वराला जाल तेव्हा शिखर बघा, जरूर बघा, पण गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर कुठून पडतं तेही शोधा.

आणि हा समोरचा, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती. पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, की अख्ख्या गावाला कळतं. २००८ला त्याच्या डोक्यावरून गेलं तेव्हा इथल्या दुकानदारांनी काय काय उचलून कुठं नेलं ते तुमच्यातल्या कित्येकांना आठवत असेल. एवढी उघडी मोजपट्टी नदीत उभी असताना आपण पूररेषेच्या आत बांधतो आणि वर कुरकुरतो. ते असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

पालक मला हमखास विचारतात, "चित्रकला चांगली लागते का हो?" हात थोडा चालला तर सोपं जातं, इतकंच. पहिल्या वर्षी रेषा वाकड्याच येतात, सगळ्यांच्या. मुलाला घरातल्या मोरीचा उतार कुठं आहे हे कधी बघावंसं वाटलंय का, ते विचारा. खर्चाचंही लपवत नाही. फीखेरीज कागद, मॉडेलचं सामान, प्रिंट आणि लॅपटॉप यात पैसे जातात. आणि सबमिशनच्या आठवड्यात मूल घरी असून नसल्यासारखं असतं.

शेवटच्या टप्प्यात मुलं कुणाच्या तरी ऑफिसात ट्रेनिंगला जातात. मागच्या महिन्यात माझ्याकडं एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी तिला साइटवर नेलं आणि हातात पाण्याची बादली दिली. बाथरूमची फरशी नुकतीच बसली होती. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, ढाळ एकदम बरोबर आहे." मी तिला म्हटलं, "ओत." तिनं ओतली. पाणी जाळीकडं निघालं, अर्ध्यात रेंगाळलं आणि सावकाश वळून दाराकडं आलं, थेट तिच्या नव्या सँडलपर्यंत. मिस्त्रीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला, "तीन फरश्या काढतो."