एकटीच्या व्यवसायाला माणसे कशी जोडावीत

भगिनींनो,

आपल्या देशात १९६१ साली मातृत्व लाभ कायदा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करण्याचे बंधनही त्याच दुरुस्तीने आले. या तरतुदी मोलाच्या आहेत. परंतु आज या सभागृहात बसलेल्या बहुतेक जणींच्या वाट्याला त्यातले काहीही येत नाही. घरी ब्लाउज शिवणारी, डबे देणारी, दिवाळीचा फराळ करून विकणारी, शिकवण्या घेणारी किंवा घरातल्याच एका खोलीत पार्लर चालवणारी आई कोणाची नोकर नसते. मालक तीच, कारागीर तीच, हिशेब ठेवणारी तीच आणि ऑर्डर पोहोचवणारीही तीच. मूल तापाने फणफणले की या चारही जणी एकाच वेळी रजेवर जातात आणि त्या रजेचा पगार कोणी देत नाही. कायद्याने जे दिले नाही ते आपले आपण कसे उभे करायचे, एवढ्याच विषयावर मला आज बोलायचे आहे.

सुरुवात घरापासून करू. बहुतेक घरांत तिला आता कोणी अडवत नाही, चार लोकांत तिचे कौतुकही होते. पण दुपारी तीन ते पाच या वेळात मुलाला कोण सांभाळणार, हे ठरलेले नसते. ‘सासूबाई आहेत ना’ असे आपण गृहीत धरतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांनाही दुपारी घटकाभर पडायचे असते, याचा विचार आपण सवडीने करतो. मशीनवर बसल्या बसल्या ‘आई, जरा बघा हं त्याच्याकडे’ असे दिवसातून वीस वेळा म्हणण्यापेक्षा, ‘मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते पाच तो तुमच्याकडे राहील, पाचला मी त्याला घेईन, मग तुम्ही मोकळ्या’ असे एकदाच नीट बोलून घेतले, तर दोघींनाही त्याचा आधार होतो. नवऱ्याच्या बाबतीत मी एवढेच म्हणेन की, मुलाला शाळेतून आणणे ही त्याने बायकोला केलेली मदत नसते. मूल त्याचेही आहे आणि ते काम त्याच्या वाट्याचे म्हणूनच ठरले पाहिजे.

मात्र घर कितीही चांगले असले तरी घरचे लोक आपले काम करू शकत नाहीत. ते मूल सांभाळतील, पण ब्लाउज कापणार नाहीत. काम पुढे नेणारे माणूस बाहेरूनच जोडावे लागते, आणि ते माणूस बहुतेक वेळा आपण जिला आपली स्पर्धक समजतो तीच असते. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्यापाशी येते, म्हणून तो जरा सविस्तर मांडते.

मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींमध्ये, गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया होत्या. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेला कामगार दाटीवाटीच्या खोलीत राहायचा आणि चाळीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचा. गिरणी पाळ्यांमध्ये चाले, म्हणून तिची चूलही पाळ्यांमध्ये चाले. कामगाराच्या हातात पगार पडला की तिला पैसे मिळत. तोवर वाण्याकडची उधारी, ती फेडायला सावकाराचे कर्ज आणि प्रसंगी अंगावरचा दागिना गहाण. प्रत्येक बाई हा गाडा एकटीने ओढत होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताईंना या बायांचे जगणे जवळून माहीत होते. तारण ठेवायला यांच्यापाशी काही नव्हते, म्हणून गट केले गेले, गटातल्या बायांनी एकमेकींची हमी घेतली आणि त्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले.

हमी देणाऱ्या या बाया कोण होत्या, हे नीट पाहा. एकाच चाळीतल्या दोन खाणावळवाल्या म्हणजे त्याच कामगारांवर पोट असलेल्या दोघी. तरीही त्यांनीच एकमेकींसाठी शब्द टाकला, कारण कोणाकडे किती जण जेवतात, कोणाचा नवरा दारूत पैसे उडवतो, कोण वेळेवर पैसे फेडते, हे बँकेच्या अधिकाऱ्याला कधीच कळले नसते. ते शेजारणीलाच ठाऊक होते. आपल्या धंद्याच्या खाचाखोचा जिला कळतात तीच अडचणीच्या वेळी उपयोगी पडते. जिवाभावाची मैत्रीण धीर देईल, आणि धीराचीही गरज असतेच. पण उद्या सकाळी द्यायचे तीस डबे ती भरून देऊ शकत नाही.

आता व्यवहाराकडे वळते. आपले काम दुसरीच्या हाती देता येईल अशा स्वरूपात नसेल, तर कितीही माणसे जोडली तरी उपयोग नाही. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची मापांची वही मी अलीकडेच पाहिली. पानावर गिऱ्हाइकाचे नाव आणि खाली आकड्यांची उभी रांग. उंची, शोल्डर, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा असा तो क्रम होता, पण कोणता आकडा कशाचा हे कुठेही लिहिलेले नव्हते. क्रम बाईंच्या डोक्यात होता. एका आकड्याभोवती गोल काढलेला दिसला. विचारले तेव्हा कळले की, त्या गिऱ्हाइकाला ब्लाउज सैलसर लागतो, म्हणून तिथे अर्धा इंच वाढवायचा. या बाईंचे मूल उद्या दवाखान्यात असेल, तर शेजारच्या गल्लीत उत्तम शिवणारी बाई असूनही तिला त्या वहीवरून एक ब्लाउज कापता येणार नाही. प्रत्येक आकड्यापुढे नाव लिहायला आणि गोलाचा अर्थ शब्दांत मांडायला एक दुपार पुरते. फराळ करणाऱ्यांनी भाजणीचे प्रमाण ‘अंदाजाने’ असे न ठेवता वजनात लिहावे, शिकवण्या घेणाऱ्यांनी कोणत्या मुलाचा कोणता धडा चालू आहे ते टिपून ठेवावे. मग हुक लावणे, तुरपाई, फॉल-पिको अशी सुटी कामे कोणाकडे देता येतील, हेही आपोआप दिसू लागते.

‘लिज्जत’ची रीत या दृष्टीने मला फार अभ्यासण्यासारखी वाटते. १९५९ साली गिरगावात सात जणींनी उसन्या ८० रुपयांवर पापडाचा उद्योग सुरू केला, हे आपण सर्व जणी ऐकून आहोत. त्याहून महत्त्वाचे आहे ते त्यांनी काम कसे वाटले ते. पीठ एका ठिकाणी, ठरलेल्या प्रमाणात मळले जाते. ते घेऊन बहिणी घरी जातात, आपल्या सवडीने, मुलाबाळांत बसून पापड लाटतात आणि वाळलेले पापड केंद्रावर आणून देतात. चव केंद्राने सांभाळायची, वेळ जिची तिने सांभाळायची. आपण चौघी जणी एकत्र आलो तरी याच धर्तीवर वाटणी करता येते.

आपले गिऱ्हाईक पळवले जाईल, ही भीती मी प्रत्येक गावात ऐकते. एखादे जाईलही. पण लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज तयार नसल्यामुळे जे गिऱ्हाईक जाते, ते जाताना आपल्या साऱ्या नातेवाइकांनाही घेऊन जाते. म्हणून आधी बोलून ठेवावे आणि वहीत लिहून ठेवावे: काम जिने केले तिची मजुरी किती, गिऱ्हाईक जिचे तिने किती ठेवायचे, बिघडले तर कापडाचे पैसे कोणी भरायचे. गिऱ्हाइकाने उधारी ठेवली तरी मैत्रिणीची मजुरी थकवू नये. आणि गिऱ्हाइकालाही स्पष्ट सांगावे की, हे काम अमुक बाईंनी केले आहे.

पाळणाघराचे पैसे, मदतीला येणाऱ्या मावशींचे पैसे, दुसरीला दिलेली मजुरी हा सर्व व्यवसायाचाच खर्च आहे. कापड आणि दोरा दरात धरायचा आणि मूल सांभाळण्याचा खर्च मात्र घरखर्चात ढकलायचा, असा हिशेब केल्यामुळे कित्येक जणी वर्षानुवर्षे तोट्यात काम करतात आणि त्यांना ते कळतही नाही. दर थोडा वाढवावा लागला तरी वाढवावा.

एक अडचण उरते. एकाच धंद्यातल्या बायांचा हंगामही एकच असतो. दिवाळीत फराळवाल्या सगळ्याच बुडालेल्या, लग्नसराईत शिवणाऱ्या सगळ्याच. गिरणगावातही १९८२ साली संप सुरू झाला तेव्हा कामगार गावी परतू लागले आणि सगळ्या खाणावळींना एकदमच झळ बसली. म्हणून आपल्या जोडलेल्या माणसांत एक-दोघी वेगळ्या धंद्यातल्या असाव्यात: फराळवालीला शिकवण्या घेणारी, कारण दिवाळीच्या सुट्टीत ती मोकळी असते. आणि हंगामाच्या त्या तीन आठवड्यांसाठी तिघी-चौघींनी मिळून एकच मावशी ठेवाव्यात. मुले एका घरी, जेवण त्याच घरी, शक्यतो अशा घरी की जिथे तेव्हा कढई चढलेली नसेल. कोणाचे घर, सकाळी मुलांना कोण सोडणार, संध्याकाळी कोण आणणार, मावशींचे पैसे कोण कोण किती देणार, हे गणपती झाले की लगेच बसून ठरवावे. नवरात्र उजाडले की कोणालाही वेळ नसतो.