खडकवासल्याचे दरवाजे आणि कर्जतच्या विहिरी

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवण्यात आले. जलाशयाचे पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता अधिक पाणी साठवता येऊ लागले. ही योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. ते पुण्याच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, त्याची सुरुवात १८५४ मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने झाली होती. कालवे, पूल आणि सरकारी इमारती बांधण्यासाठी सरकारला हाताखालची प्रशिक्षित माणसे हवी होती, इतकाच त्यामागचा मर्यादित हेतू होता. राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी का होईना, पण वर्गात जे शिकवले जाई आणि आसपास जे बांधले जाई, त्यांत फारसे अंतर नव्हते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोपर्यंत महाराष्ट्रातील अनेक मुले प्रवेशासाठी कर्नाटकाची वाट धरत. या निर्णयामुळे लहान शहरांतील आणि शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींना अभियंता होण्याचे दार उघडले, हे टीकाकारांनीही मान्य करायला हवे. मात्र इमारती जितक्या झपाट्याने उभ्या राहिल्या, तितक्या झपाट्याने शिक्षक तयार झाले नाहीत. पदवी अभ्यासक्रमासाठी पूर्वी १५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरलेले होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये ते २० विद्यार्थ्यांमागे एक असे शिथिल केले. अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण प्राध्यापक दिवसभर तास घेतो, प्रात्यक्षिकांच्या जर्नलवर सह्या करतो आणि प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयाचा प्रचारही करतो. त्याने संशोधन केव्हा करावे, हे त्याला कोणी विचारत नाही.

पुढे जागा रिकाम्या राहू लागल्या आणि २०२० पासून परिषदेने नव्या महाविद्यालयांची मान्यता काही काळ थांबवली. त्यानंतर चित्र पुन्हा पालटले. चांगल्या गणल्या जाणाऱ्या महाविद्यालयांसाठी एका शाखेतील प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा २०२४-२५ पासून उठली. कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशफेरीच्या, वेळी पालक आधी संगणक शाखेचा कट-ऑफ पाहतात, स्थापत्य शाखेचा विचार नंतर होतो, आणि प्लेसमेंटचे आकडे पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण रस्ते, पाणी आणि सांडपाणी यांची कामे ज्या देशात अजून अपुरी आहेत, त्या देशात स्थापत्य शाखेने विद्यार्थ्यांची वाट पाहावी, ही विसंगती केवळ आवडीनिवडीची नाही. त्या कामांसाठी शिकलेल्या अभियंत्याला योग्य मोबदला देण्याची व्यवस्थाच आपण नीट उभारलेली नाही.

भाषेचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. पिंपरी-चिंचवडमधील एका महाविद्यालयात २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून सुरू झाली. खरे तर कितीतरी वर्गांत शिक्षक ‘बीमवर लोड आला की शिअर फोर्स कसा काढायचा’ हे मराठीतच सांगतात. अडचण येते ती परीक्षेत, कारण समजलेली गोष्ट इंग्रजीत लिहिता येत नाही म्हणून विद्यार्थी न समजलेले उत्तर पाठ करतो. शुद्ध परिभाषेच्या आग्रहाने ही अडचण सुटेल असे वाटत नाही. (शिअर फोर्ससाठी ‘कर्तन बल’ हा शब्द ऐकून गोंधळणारे मराठी अभियंते थोडे नसावेत.)

वर्गातले शिक्षण आणि आसपासची कामे पुन्हा कशी जोडता येतील, हे पाहण्यासाठी आता रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्याकडे येऊ. येथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात अनेक आदिवासी वाड्या कोरड्या पडतात, कारण उतार तीव्र आहेत आणि खालचा काळा कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही. मुंबईच्या आयआयटीतील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचे विद्यार्थी या भागात पाण्याचा अभ्यास करत आले आहेत. विहीर किती खोल आहे, टाकी कोणत्या उंचीवर बसवावी, जलवाहिनीत दाब किती राहील, विजेचे बिल ग्रामपंचायत कोठून भरणार आणि पाणी भरणाऱ्या बाईला किती अंतर चालावे लागते, ही सर्व गणिते एकाच प्रकल्पात येतात. राज्य सरकारने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानाद्वारे ही पद्धत इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत नेण्याचे ठरवले. महाविद्यालयाने आपल्याच जिल्ह्यातील पाणीयोजना, एसटीचे वेळापत्रक किंवा गुऱ्हाळाची भट्टी अभ्यासावी, विद्यार्थ्याला त्याचे गुण मिळावेत आणि जिल्हा प्रशासनाला वापरता येईल असा अहवाल मिळावा, अशी ही मांडणी आहे. अंतिम वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयार विकत आणण्याची सोय अशा कामात उरत नाही, कारण त्या गावची विहीर दुकानात मिळत नाही.

ही वाट कठीण आहे ती साध्या कारणांनी. प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांवर ठरते, गावच्या अहवालावर नाही. प्रवासखर्चाच्या मंजुरीला कित्येक आठवडे लागतात. शिवाय टंचाई समजून घ्यायची तर विहिरीची पातळी एप्रिल-मेमध्ये मोजावी लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत विद्यापीठाच्या परीक्षा असतात.