बडग्याच्या गळ्यातली पाटी

(दृश्य: जुनं नागपूर. अरुंद गल्ली, बांबू चिरणारे हात.)

पोळा जवळ आला की जुन्या नागपुरातल्या गल्ल्यांत बांबू चिरल्याचा आवाज सुरू होतो. आधी कमच्यांचा सांगाडा, त्याला सुतळीचे आवळ. आत तणस, वर पोतं, पोत्यावर खळीनं चिकटवलेली रद्दी. चेहरा सगळ्यात शेवटी, कारण भांडणं चेहऱ्यावरूनच होतात. नाक किती लांब, मिशी ठेवायची की नाही, गॉगल द्यायचा का. हा बडग्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात आणि त्याच दिवशी मोठी माणसं बडग्यांना रस्त्यावर काढतात.

मिरवणुकीत मान दोन मारबतींचा, म्हणजे बाईच्या रूपातल्या दोन मोठ्या पुतळ्यांचा. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते, असं नागपूरकर सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी केलेली भोसले घराण्यातली बाकाबाई, ही कथाही इथं पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाते. ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ या आरोळीत गाऱ्हाणंही आहे आणि रागही. बडग्यांचं मात्र रोगराईवर भागत नाही. त्यांना महागाई लागते, भ्रष्टाचार लागतो, वर्षभरात गाजलेलं काहीही चालतं.

(दृश्य: कंत्राटदार बडग्या, जवळून.)

हा बघा. डोक्यावर उपडं डांबराचं पिंप, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांनी फुगवलेलं पोट, हातात फावड्याऐवजी चमचा. गळ्यात पाटी: ‘रस्ता शोधून देणाऱ्यास खडी मोफत.’

पाटीवरचं वाक्य तेवढं घेतलं तर तो टोमणा. मनात एक, ओठांवर उलटं. असे आपण रोज मारतो. उशिरा आलेल्याला टपरीवर कुणीतरी म्हणतंच, ‘वा जी! आज सूर्याच्याही आधी उगवले तुम्ही!’ त्याला समोर एक सावज लागतं आणि आवाजात तो खास हेल. समोरचा ओशाळला की काम झालं. त्याची बस आली नाही की घरात कुणी आजारी होतं, याच्याशी टोमण्याला काही देणंघेणं नसतं.

बडग्याच्या हातातला चमचा कुणा एका कंत्राटदाराचा नाही. रस्ता खाल्ला जातो आणि खाणाऱ्याला कुणीतरी वाढतही असतं, ही अख्खी रीत त्या चमच्यात आली आहे. नाव नाही, फोटो नाही, तरी गर्दीतले लोक बघताक्षणी ओळखतात आणि हसतात. हे व्यंग. त्याला विषय आतून माहीत असावा लागतो, नुसती जीभ तिखट असून चालत नाही. टोमणाही त्याच्या कामी येतो, पण पाटीपुरता.

(दृश्य: मिरवणूक. एकामागून एक बडगे.)

घसरतात, तेही खरं. काहींना नुसता छापील फोटो डकवलेला, खाली चपलांचा हार आणि एक शिवी. आमचा कॅमेरा तिथं रेंगाळला नाही, आम्हीही रेंगाळत नाही. बांबू तोच, मेहनतही तेवढीच म्हणा. पण फोटो बदलला की तोच बडग्या दुसऱ्या कुणालाही चालेल.

(दृश्य: काळी आणि पिवळी समोरासमोर. निवेदन नाही, फक्त ढोल आणि आरोळी.)

(दृश्य: दहन.)

शेवटी सगळ्यांना आग लावतात. महागाई त्यानं उतरत नाही, खड्डेही बुजत नाहीत. डांबराचं पिंप तेवढं पोट्ट्यांनी आधीच उतरवून बाजूला ठेवलं होतं. पुढच्या वर्षी लागेल, म्हणाले.