लहान मुलांना घेऊन क्रूझवर जायचंय? आधी मुलाचं वय सांगा

नमस्कार मंडळी. सुट्ट्या जवळ आल्या की भाचे-पुतण्यांचे फोन सुरू होतात आणि हल्ली त्यात एक प्रश्न हमखास असतो, मावशी, मुलांना घेऊन क्रूझ करायची म्हणतोय, कुठली घेऊ? मी विचारते, मूल केवढं आहे? तर म्हणतात ते राहू दे, तू रील बघितलंस का, काय स्लाइड आहेत त्या बोटीवर! स्लाइड असतील हो, मस्तच असतील. पण बऱ्याच मोठ्या स्लाइडवर जायला ४२ इंच, काही ठिकाणी ४८ इंच उंची लागते. ४२ इंच म्हणजे साधारण १०७ सेंटिमीटर. आपलं पाच वर्षांचं मूल तिथे काठावर असतं, तीन वर्षांचं तर नाहीच. म्हणजे स्लाइडचे पैसे तुम्ही भरणार आणि पोरगं खाली उभं राहून भोकाड पसरणार.

माझं म्हणणं सरळ आहे. बोट कुठे जाते हे नंतर बघा, किती मजली आहे तेही नंतर, आधी बघा की तुमच्या मुलाच्या वयाला त्या बोटीवर काय करता येतं आणि काय करू देत नाहीत. कारण क्रूझवर सगळे नियम वयावर चालतात.

सगळ्यात लहानांपासून सुरू करू. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेतच नाहीत, आणि ज्या सफरीत सलग बरेच दिवस किनारा लागत नाही तिथे एक वर्ष पूर्ण लागतं. का, तर बोटीवर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण तान्ह्या बाळाला काही गंभीर झालं तर भर समुद्रात बालरोगतज्ज्ञ आणायचा कुठून. हे वय बोटीत चढायच्या दिवशी धरतात, बुकिंगच्या दिवशी नाही, त्यामुळे आज बाळ चार महिन्यांचं असेल तरी तीन महिन्यांनंतरची तारीख घेता येते.

मग येतं एक ते तीन वर्षांचं वय, आणि मंडळी, खरी गंमत इथेच आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं किड्स क्लब फ्री, आईबाबा खूश होतात की चला, दोन तास निवांत मिळतील. पण तो क्लब बहुतेक ठिकाणी तीन वर्षांपासून पुढे असतो, आणि नुसतं तीन पूर्ण असून भागत नाही, मूल डायपरमधून बाहेर आलेलं लागतं, म्हणजे शी-शू स्वतः सांगणारं आणि बाथरूमला स्वतः जाणारं. डिस्ने आणि रॉयल कॅरिबियन या दोन्ही क्रूझ कंपन्यांकडे असंच आहे. तीनच्या आतल्यांसाठी डिस्नेच्या आणि रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच बोटींवर वेगळी नर्सरी असते, सहा महिन्यांपासून पुढच्या बाळांची, पण तिला तासाचे पैसे पडतात, जागा मोजक्या असतात आणि त्या लवकर भरतात. अमेरिकेतून निघणाऱ्या कार्निव्हलचा क्लब दोन वर्षांपासून आहे आणि तिथे स्टाफ डायपरही बदलतो, त्यामुळे अमेरिकेतल्या आपल्या मंडळींनी अडीच वर्षांचं मूल असेल तर ती कंपनी नक्की बघावी, भले बाकीचे तिच्या पार्ट्यांना नाकं मुरडोत.

दुसरी गोष्ट पूलची. डायपरमधल्या मुलाला मोठ्या पूलमध्ये उतरू देत नाहीत, स्विम डायपर घातला असला तरी नाही. अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा बोटींसाठीचा नियमच तसा आहे आणि इतर ठिकाणीही बहुतेक कंपन्या तोच पाळतात. त्यांच्यासाठी वेगळा, कारंजी आणि घोट्याइतक्या पाण्याचा छोटा भाग असतो, पण सगळ्या बोटींवर नसतो. म्हणून बुकिंग करताना एजंटला पूल आहे का असं विचारू नका, तो आहेच म्हणणार. विचारा, डायपरमधल्या बाळासाठी पाण्याची वेगळी जागा आहे का, कुठल्या डेकवर म्हणजे मजल्यावर, आणि हे त्याच्याकडून लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर दिलं तरी चालेल. आणि लाइफगार्ड आहे का तेही विचारा. काही कंपन्या ठेवतात, काही चक्क बोर्ड लावतात की इथे लाइफगार्ड नाही, जबाबदारी पालकांची.

आता आपल्या मुंबईहून निघायचं तर काय. मुंबई-गोवा बोट आपल्याला काही नवीन नाही, कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं घरातल्या आजोबांना विचारा, ते रात्रभर सांगत बसतील. मधे २०१८ मध्ये आंग्रिया सुरू झाली होती, तीही बंद पडली. २०२१च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही बोट चालते, मुंबईहून गोवा, लक्षद्वीप वगैरे, आणि पावसाळ्यात इकडचा समुद्र खवळतो तेव्हा ती चेन्नईकडून श्रीलंकेच्या बाजूला गेलेली आहे. बोट १९९० सालची, फ्रान्समध्ये बांधलेली, साधारण ४८ हजार ग्रॉस टनांची, हे बोटीचा आकार सांगायचं माप. हल्लीच्या अडीच लाख टनांच्या राक्षसांपुढे ती छोटीच. लोक छोटी म्हणून नाक मुरडतात, मला मात्र दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी छोटं बरं वाटतं, कारण केबिनपासून जेवायच्या जागेपर्यंत झोपाळलेलं पोर कडेवर घेऊन किती चालायचं याला काही मर्यादा असते. डाळ-भात, पोळी, जैन जेवण मिळतं, विमान नाही, व्हिसा नाही. छोट्या बोटीचा तोटा एकच, समुद्र जरा उचलला की ती मोठीपेक्षा जास्त हलते.

पहिल्यांदा जाताय आणि मूल तीनच्या आत आहे तर दोन-तीन रात्रींची मुंबई-गोवा-मुंबई करा. लक्षद्वीपची सफर सुंदर आहे, पाणी असं निळं की बघत राहावं, पण तिथे एवढी मोठी बोट बेटाला लागत नाही, ती लांब समुद्रात उभी राहते आणि आपल्याला लहान बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. खालून बोट वरखाली होतेय, खलाशी हात धरून म्हणतोय चला चला, तुमच्या एका हातात पोर, दुसऱ्या खांद्यावर डायपरची बॅग, डोक्यावर ऊन. पाच-सहा वर्षांच्या मुलाला यात धमाल वाटते. दीड वर्षाच्या बाळाला घेऊन मात्र आईबाबांपैकी एक जण बहुतेक वेळा मोठ्या बोटीवरच थांबतो. मग त्याचे पैसे कशाला घालवायचे?

हेच सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींना लागू आहे, कारण परदेशातली पहिली क्रूझ म्हणून आपल्याकडचे बरेच जण तिथेच जातात. जेंटिंग ड्रीम ही बोट तिथून निघते, रॉयल कॅरिबियनच्या बोटी येतात, आणि डिस्नेची अ‍ॅडव्हेंचर नावाची नवी बोट तिथे आली आहे, तीन-चार रात्रींची, मधे कुठल्याच बंदराला न थांबणारी. बऱ्याच जणांना हे विचित्र वाटतं, बंदरच नाही तर मग बघायचं काय? अहो, तीन-चार वर्षांच्या मुलाला बंदर बघायचं नसतंच. त्याला तेच पाणी, तीच घसरगुंडी, तेच आइस्क्रीम रोज हवं असतं, आणि दुपारी आपल्याच पलंगावर झोप. ब्रोशरमध्ये क्वालालंपूर लिहिलेलं असतं तेव्हा बोट लागते पोर्ट क्लांगला, तिथून शहर बसने तासाभरावर. रोम लिहिलेलं असतं तेव्हा बोट चिविताव्हेक्कियाला असते, शहर सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. म्हणजे लहान पोर घेऊन जाऊन-येऊन सगळा दिवस बसमध्ये. फुकेतला तर बहुतेक वेळा पुन्हा छोटी बोट, आणि स्ट्रोलर उचलायचा. मूल लहान असेल तर बंदरं कमी आणि बोटीवरचा वेळ जास्त, असंच आखा.

केबिन निवडताना लोक फक्त बाल्कनी की खिडकी एवढंच बघतात. मी सांगते, कंपनीच्या साइटवरून डेक प्लॅन डाउनलोड करा, आपल्या केबिनचा नंबर शोधा, मग वरच्या आणि खालच्या डेकचा नकाशा काढून त्याच जागेवर काय आहे ते बघा. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढायचा आवाज डोक्यावर, खाली डिस्को किंवा थिएटर असेल तर रात्री बाराला धाडधाड. वरही केबिन, खालीही केबिन, अशी जागा मुलांसाठी सगळ्यात शांत. शिवाय बोटीच्या मधोमध आणि जरा खालच्या डेकवर घ्या. सी-सॉच्या टोकाला बसणं आणि मधे बसणं यात जो फरक तोच इथे. बोट लागण्याचा, म्हणजे मळमळ-उलटीचा, त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो, त्याहून लहान बाळांना सहसा होत नाही, पण औषध निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच बरोबर ठेवा, मेडिकलवाल्याच्या भरवशावर नको. आणि बिनखिडकीची आतली केबिन स्वस्त तर पडतेच, वर दुपारीही मिट्ट काळोख, मुलं काय झोपतात म्हणता! बाल्कनी घेतलीच तर पहिल्या मिनिटाला तिथली खुर्ची-टेबल कठड्यापासून लांब सरकवा.

चौघं एका केबिनमध्ये म्हणजे दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून किंवा छतातून खाली येणारे बर्थ. वरच्या बर्थवर चार वर्षांचं मूल झोपवायचं नाही, मग खाली तिघं आणि वर बाबा, हे चित्र आधीच डोळ्यासमोर आणा. बाळाचा पाळणा मागितला तर मिळतो पण तो बुकिंगलाच सांगायचा. आजी-आजोबा बरोबर असतील तर एकमेकांना मधून दार असलेल्या दोन केबिन मागा. भाडं जास्त होतं, पण रात्री नऊला मुलं झोपली की मोठ्यांना पाळीपाळीने बाहेर पडता येतं. एकाच खोलीत सगळे असले की नऊ वाजता दिवे बंद करून सगळ्यांनी अंधारात मोबाइल बघत बसायचं.

पैशांचं थोडक्यात. मुलं फ्री असं मोठ्या अक्षरात असतं, ते बहुतेक वेळा फक्त भाडं, आणि तेही केबिनमध्ये दोन मोठी माणसं असतील तर. पोर्ट चार्जेस आणि टॅक्स मुलांचेही भरावे लागतात, आणि रोजची माणशी टिप बऱ्याच कंपन्या लहान मुलांचीही लावतात. एकूण किती, हे एका आकड्यात मागा.

जेवणाबद्दल मात्र बोलायलाच हवं. बोटीवर बाटलीबंद, पॅकबंद बेबी फूड नेऊ देतात पण घरी केलेलं अन्न बऱ्याच कंपन्या चढवू देत नाहीत, त्यामुळे आजीने डब्यात भरून दिलेलं नाचणी सत्त्व आणि मेतकूट सिक्युरिटीला अडकू शकतं. दुकानातलं सीलबंद पाकीट घ्या. किटली, इस्त्री, गरम करायच्या वस्तू बहुतेक बोटींवर बंद, आगीच्या भीतीने. दुधाला गरम पाणी बुफेतून थर्मासमध्ये आणायचं, म्हणून थर्मास विसरू नका. रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर पहिली घ्या. आपल्याला सहा वाजता कुठली भूक, हे मान्य आहे, पण साडेआठच्या पाळीत स्वीट डिश येईपर्यंत पोराची मान ताटात असते. आणि हात धुवायला बेसिन आणि साबणच. बोटीवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या विषाणूवर, सॅनिटायझर फारसा चालत नाही, हे दारात सॅनिटायझर घेऊन हसत उभा असलेला माणूस सांगत नाही.

आता एक गोष्ट जी आपल्या मराठी घरांना जास्त लागू आहे. परदेशी बोटीवरच्या क्लबमध्ये सगळं इंग्रजीत चालतं. घरात फक्त मराठी बोलणारं साडेतीन वर्षांचं मूल तिथे जाऊन म्हणालं, ताई मला शू आली, तर त्या ताईला काय कळणार? म्हणून महिनाभर आधी टॉयलेट, वॉटर, मम्मा कॉल, एवढं तोंडात बसवा, आणि पहिल्या दिवशी ओपन हाऊस असतं, पालकांना आत जाऊ देतात, तेव्हा मुलाला बाथरूम कुठे आहे ते दाखवून आणा. मूल रमलं नाही तर ओढून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

बोट सुटायच्या आधी सेफ्टी ड्रिल होतं, म्हणजे संकटात काय करायचं याची तालीम. कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट २०१२ मध्ये इटलीजवळ बुडाली तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, त्यानंतर २०१५पासून नियम झाला की ते निघायच्या आधी किंवा निघताक्षणी झालंच पाहिजे. लोक ते टाळायला बघतात, तुम्ही टाळू नका. आणि केबिनमध्ये गेल्या गेल्या कपाट उघडून बघा, तिथे मोठ्यांची लाइफ जॅकेट असतात. २४ तासांहून मोठ्या सफरीत बोटीवर प्रत्येक तान्ह्या बाळासाठी बाळाच्या मापाचं जॅकेट असावंच लागतं, आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण ते तुमच्या केबिनमध्ये आणून ठेवलेलं असेलच असं नाही. नसेल तर केबिन साफ करणाऱ्या स्टाफला तिथल्या तिथे सांगायचं.

कागदपत्रं म्हणाल तर देशातल्या सफरीला मोठ्यांचा फोटो आयडी आणि मुलाचं आधार किंवा जन्मदाखला. सिंगापूरला मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट आणि व्हिसाही. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो संपत आलाय हे बऱ्याच घरांत तिकीट काढल्यावर कळतं. सिंगापूरहून मलेशियाला जाऊन परत सिंगापूरलाच येणार असाल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत जाऊ देणारा आहे ना, तेही बघून घ्या.

आणि हो, चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि त्या केबिनच्या दारात येईपर्यंत संध्याकाळ होते. तेव्हा मुलाचा स्विमिंगचा ड्रेस, चार-पाच डायपर, औषधं आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा, कारण पूल दुपारीच सुरू झालेला असतो आणि तो पोरांना सगळ्यात आधी दिसतो. चला, वेळ झाली, नमस्कार.